खालच्या डेकवरची माणसं

सुनंदा गेली हे विष्णू गावडेला कळलं तेव्हा त्याच्या हातात जहाजाचं तोंड होतं.

जहाज म्हणजे मॉडेल. इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या त्याच्या शेडमध्ये दोन टेबलं जोडून त्यावर ते उभं केलं होतं. माणसं आणि मोटारी एकदमच घेऊन समुद्रातून जाणारी मोठी फेरीबोट. अशा बोटीचं पुढचं तोंड मगरीच्या जबड्यासारखं वर उघडतं, आतून एक फळी बाहेर येते आणि तिच्यावरून गाड्या सरळ धक्क्यावर उतरतात. त्या तोंडाची बिजागरी काही केल्या सरळ बसत नव्हती. विष्णू सकाळपासून तिच्याशी झगडत होता. फोन वाजला, बायकोचं, सुनंदाचं नाव दिसलं, तेव्हा त्याने तो खांदा आणि कान यांच्यात धरला आणि म्हणाला, "अगं, मिळाली का तार?"

पलीकडून कोणी अनोळखी माणूस हिंदीत बोलू लागला. कृष्णपुऱ्याच्या बाजारात दुकानासमोर उभ्या असताना या बाई एकदम खाली बसल्या आणि कलंडल्या. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात आणलंय. विष्णूने विचारलं, शुद्धीवर आहे का. त्या माणसाने दवाखान्याचं नाव सांगितलं. मग म्हणाला, "अंकल, आप बस आ जाइए."

दवाखान्यात सही करायला कोणीतरी पेन पुढे केलं, तेव्हा विष्णूच्या लक्षात आलं की जहाजाचं तोंड अजून आपल्या मुठीतच आहे.

तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. मुलगी ऋजुता इंदूरमध्येच एका कॉलेजात शिकवायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचं म्हणणं होतं की बाबांनी आता शेड बंद करावी आणि तिच्याकडे राहायला यावं. विष्णूने ना हो म्हटलं ना नाही. हे एक जहाज जाऊ दे, मग बघू, एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी शेडचं कुलूप उघडलं.

गावड्यांचे पूर्वज होळकरांच्या तोफखान्यात होते असं घरात सांगत. विष्णूच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, लोखंडाची आवड तेवढी आली. सांवेर रोडच्या एका कारखान्यात तो बरीच वर्षं फिटर होता. मग स्वतःची शेड घेऊन मॉडेल बनवू लागला. कोणाला बॉयलरचं हवं असे, कोणाला डाळमिलचं, बिल्डरांना कॉलनीचं. इमारती आणि यंत्रं तो करायचा, त्यात ठेवायची माणसं सुनंदा करायची. मकानं तुमची, वस्ती माझी, असं ती म्हणायची.

माणसं करायची तिची रीत ठरलेली होती. तांब्याच्या बारीक तारेची हाडं, त्यावर लाकडाच्या भेगा भरायच्या लांबीचं अंग, ते वाळलं की दोन-तीन केसांच्या ब्रशाने चेहरा. माणूस करंगळीच्या दोन पेरांएवढं. पण नुसतं बसलेलं माणूस तिला चालत नसे. त्याने काहीतरी करत असलं पाहिजे. बिल्डरच्या कॉलनीतसुद्धा तिने एकदा गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई बसवली होती. बिल्डरला ते पसंत पडलं नाही, गिऱ्हाइकांना फार आवडलं.

फेरीचं काम कोकणातल्या एका कंपनीचं होतं. नवी बोट बांधून होत होती, आणि तिकीटघराच्या हॉलमध्ये ठेवायला मॉडेल हवं होतं. एक बाजू उघडी ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला आतले सगळे मजले दिसावेत. बोटीच्या आतल्या भागाचं डिझाइन इंदूरच्या एका ऑफिसात चाललं होतं. तिथली मधुरिमा म्हणून मुलगी, मूळची रत्नागिरीची, नकाशे घेऊन शेडवर येई आणि एकेक गोष्ट समजावून सांगे. अगदी तळाला इंजिनं. वर गाड्यांचे दोन डेक, खालचा ट्रक आणि बसचा, वरचा मोटारींचा. मागच्या दारातून गाडी आत जायची आणि पुढच्या तोंडातून बाहेर पडायची, म्हणजे रिव्हर्स घ्यायचं कामच नाही. त्याच्यावर बसायचे हॉल, खिडक्यांच्या रांगा, कॅन्टीन, रात्रीच्या प्रवासासाठी झोपायच्या खोल्या, लहान मुलांचा कोपरा, कुत्र्या-मांजरांची वेगळी खोली. सगळ्यात वर उघडा डेक आणि दोन्ही बाजूंना टांगलेल्या जीवरक्षक होड्या. बोट लाटेवर डुलू नये म्हणून पोटाच्या दोन्ही बाजूंनी पाण्याखाली माशासारखे पर.

शेजारच्या शेडमध्ये निशांत स्प्रे पेंटिंगचं काम करी. तो दिवसातून एकदा तरी डोकावून जायचा. त्याने सगळं बघून विचारलं होतं, "भिया, ये जहाज है कि पूरा मोहल्ला?"

सुनंदाने माणसं खालून वर भरायला घेतली. इमारत खालून वर उठते तसं. ती गेली तेव्हा वरचे हॉल रिकामे होते, पण खालच्या दोन्ही डेकवर एकही गाडी रिकामी नव्हती. बसमध्ये बायका भजनाला बसाव्यात तशा खेटून बसल्या होत्या. एका पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर आजी तोंड उघडं टाकून झोपली होती. निळ्या गाडीतला माणूस बायकोशी हातवारे करून भांडत होता आणि बायको खिडकीबाहेर बघत होती. ट्रकवाला स्टिअरिंगवर डोकं टाकून पडला होता. काचेतून वाकून बघितलं की सगळं दिसायचं.

आता विष्णू शेडवर आला की आधी वाकून तेच बघायचा. मग काम सुरू करायचा. घरात सुनंदाच्या साड्या होत्या, चष्मा होता, पण त्या वस्तू झाल्या. इथे ती काम करत होती असं वाटायचं.

तोंडाची बिजागरी बसली, होड्या टांगून झाल्या, तेव्हा मधुरिमा काम तपासायला आली. तिने वरचे मजले नकाशाशी ताडून पाहिले, मान डोलावली. मग मोबाइलचा उजेड गाड्यांच्या डेकवर टाकला आणि तो एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर फिरवत गेली.

"काका," ती शेवटी म्हणाली, "गाड्यांत माणसं आहेत."

"आहेत ना. सुनंदाची."

"फार सुंदर आहेत. ही आजी तर..." ती थांबली. "पण काका, बोट चालू असताना गाडीत कोणी बसत नाही. बसू देत नाहीत."

मग तिने समजावून सांगितलं. गाडी लावली की सगळ्यांनी उतरायचं आणि वर जायचं. गाड्या साखळ्यांनी जमिनीला बांधतात, गाड्यांच्या डेकचे दरवाजे बंद करतात. लाट मोठी आली आणि एखादी साखळी तुटली तर गाडी घसरते. धूर असतो. पाणी शिरलं तर ते सगळ्यात आधी खालीच शिरतं. म्हणून जिन्यांना डेकप्रमाणे वेगवेगळे रंग दिलेले असतात, परत येताना आपली गाडी कुठल्या रंगाच्या जिन्याखाली आहे ते लक्षात राहावं.

विष्णूने ते जिने स्वतःच्या हाताने रंगवले होते. हिरवा, पिवळा. कशासाठी ते त्याने विचारलं नव्हतं.

चूक कशी झाली तेही त्याला कळलं. लग्नानंतर एका वर्षी दोघं बडवानीच्या पुढे नर्मदा उतरून गेले होते, लाकडी नावेतून. नावेवर जीप चढवली होती आणि जीपमध्ये सगळी माणसं, मांडीवर गाठोडी घेऊन. हलू नका, उतरू नका, असं नावाडी सारखा ओरडत होता. पाण्यातून गाडी नेणारी तेवढीच एक नाव दोघांनी आयुष्यात पाहिली होती. नकाशात खाली गाड्या दिसल्या, सुनंदाने गाड्या भरल्या. विष्णूने तेव्हा विचारलं होतं की वर एवढ्या खुर्च्या आहेत त्या कोणासाठी. ती म्हणाली होती, वर पायी आलेले बसतील. गाडीवाला आपली गाडी सोडून कशाला जाईल? सामान गाडीत, डबा गाडीत. आणि इंदूरचा माणूस शेवेचा पुडा खाली टाकून वर जाईल होय? विष्णूला ते पटलं होतं.

"ही नाही निघणार, बेटा," तो मधुरिमाला म्हणाला. "बाकी जे सांगशील ते बदलतो. पूरा डेक नवा करून देतो. ह्यांना हात नाही लावायचा."

मधुरिमाने वाद घातला नाही. ती स्टुलावर बसून राहिली, निशांतने आणून दिलेला चहा प्यायली आणि कंपनीशी बोलून बघते म्हणाली.

कंपनीचं उत्तर सरळ होतं. गाडीत बसू नये हे लोकांना कळावं म्हणूनच तर मॉडेल हवंय. वर माणसं नसली तर चालेल, खाली असून चालणार नाही.

निशांतला हे कळलं तेव्हा त्याने स्वतःच्या मनाने ऑनलाइन तयार माणसांचं पाकीट मागवलं. वर ही बसवा, म्हणाला, रौनक येईल, खालचं मग कोण बघतो. सगळे गोरे, टोप्या घातलेले, एकाच्या गळ्यात कॅमेरा. विष्णूने दोघांना कॅन्टीनपाशी ठेवून पाहिलं. विमान चुकलेल्या लोकांसारखे दिसत होते. निशांत स्वतःच म्हणाला, "हटाओ भिया. ये तो पोहे का भाव पूछ रहे हैं."

मग मधुरिमाचा फोन आला. तिने एक तोड काढली होती. गाड्यांच्या काचा काळ्या केल्या तर? माणसं आत तशीच राहतील, कोणाला दिसणार नाहीत, कंपनीचाही आक्षेप राहणार नाही. विष्णूला एकदम हलकं वाटलं. पोरगी गुणी आहे, त्याच्या मनात आलं. त्याच दुपारी त्याने काळी फिल्म आणली, बारीक कापली आणि पांढऱ्या गाडीला लावली.

लावली आणि सवयीने वाकून बघितलं. काचेत त्याचाच चेहरा दिसला, अर्धा. आजी नव्हती. आत होती हे ठाऊक होतं, पण ठाऊक असून काय करायचं? उद्या हे जहाज कोकणात जाईल, माणसं त्याच्यासमोर उभी राहतील, मुलं काचेला नाक लावतील, आणि सुनंदाने केलेलं एकही माणूस कोणाला दिसणार नाही. अंधारात बंद करून तो त्यांना पाठवणार होता. हेच वाचवणं का?

त्याने नखाने फिल्म सोलून काढली. दुसऱ्या गाडीला लावली नाही. पण माणसं बाहेरही काढली नाहीत. दोन-तीन दिवस तो शेडवर जाऊन नुसता बसला, टेबल पुसलं, अवजारं लावली, घरी गेला. बंदच करून टाकू, असं त्याच्या मनात येऊ लागलं. जहाज तसंच कंपनीला देऊन टाकू, त्यांना जे करायचं ते करू देत.

रविवारी ऋजुता डबा घेऊन शेडवर आली. बाबा घरी नीट जेवत नाहीत हे तिला शेजारणीने सांगितलं होतं. विष्णूने तिला सगळी हकीकत सांगितली. ती वाकून एकेक गाडी बघत गेली. निळ्या गाडीपाशी थांबून म्हणाली की हे तुम्ही दोघं आहात, आईने लपवलंसुद्धा नाही. विष्णूने हे आजवर ओळखलं नव्हतं. त्याने पुन्हा बघितलं. हात अगदी तसाच वर होता.

जेवता जेवता ऋजुताला तिच्या लग्नातलं आठवलं. मुहूर्त जवळ आला होता, भटजी घाई करत होते, आणि सुनंदाला मुलीच्या ब्लाउजची बाही एका बाजूने आखूड दिसली. तिने नवरीला खोलीत नेलं, बाही उसवली, परत शिवली, मग बाहेर आणलं. तिकडे निम्मे वऱ्हाडी रुसायच्या बेतात आले होते. चुकलेलं तसंच ठेवून पुढे जाणं तिला कधी जमलं नाही.

"बाबा," ऋजुता म्हणाली, "आईला हे कळलं असतं ना, तर तिने तुम्हाला विचारलंही नसतं. तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत सगळ्यांना वर नेऊन बसवलं असतं."

विष्णूने डबा बाजूला सारला, हात धुतले आणि बारीक करवत घेतली.

पांढऱ्या गाडीचं छत त्याने अलगद कापून काढलं. आजी सीटला चिकटवलेली होती. पातळ पात्याने सभोवार मोकळं करत, मध्ये मध्ये फुंकर मारत, त्याने तिला सुटं केलं आणि चिमट्यात धरून उजेडात आणलं. मग तो बघतच राहिला. ऋजुताने विचारलं, काय झालं? त्याने चिमटा तिच्यापुढे धरला.

आजी कमरेपर्यंतच होती. खाली काही नव्हतं.

त्याने दुसरी गाडी उघडली, तिसरी उघडली. भांडणारा माणूस कमरेपर्यंत, बायको कमरेपर्यंत, बसमधल्या सगळ्या बायका कमरेपर्यंत. गाडीत बसलेल्याचे पाय बाहेरून दिसत नाहीत. दिसत नाही ते सुनंदाने केलंच नव्हतं. विष्णूला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग त्याला स्टुलावर बसावं लागलं. ऋजुताही हसली, मग रडली, आणि तो तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता.

निशांत आवाज ऐकून आला. त्याने माणसं हातात घेऊन उलटी-सुलटी केली आणि म्हणाला, "भिया, ये सब ऊपर कैसे जाएँगे? सीढ़ी कौन चढ़ेगा?"

म्हणजे पाय करायला हवे होते. आणि विष्णूने आजवर एकही माणूस केलेलं नव्हतं.

तांब्याची तार घ्यायला तो कृष्णपुऱ्याच्या त्याच बाजारात गेला.  दुकानदाराने त्याला ओळखलं नाही, तारेवरून ओळखलं. ही तार तर मावशी नेतात, म्हणाला. विष्णूने ती गेल्याचं सांगितलं. दुकानदार गादीवरून उठून बाहेर आला, काउंटरजवळ त्याच्या बाजूला उभा राहिला, आणि त्याला पाणी दिलं.

पहिले पाय खांबासारखे झाले. निशांतने ते आजीला लावून पाहिले आणि म्हणाला की दादी कबड्डी खेळायला निघाली. विष्णूला राग आला, पण निशांतचं खरं होतं. सुनंदा असती तर हेच बोलली असती, जरा जास्त तिखट. दोष तारेचा नव्हता, बघण्याचा होता. माणूस बसतं कसं, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. तो सिटी बसच्या थांब्यावर जाऊन बाकावर बसू लागला आणि लोकांच्या पायांकडे बघू लागला. दोन्ही पाय सरळ खाली सोडून कोणीच बसत नाही. कोणी एक टाच दुसरीवर ठेवतं, कोणी चप्पल अर्धी काढून अंगठ्यावर झुलवतं. मुलांचे पाय जमिनीला लागतच नाहीत. म्हातारी बाई बाकावर बसली की थोड्या वेळाने एक पाय वर घेते, मग तिला बरं वाटतं.

ऋजुता रविवारी येऊ लागली. साड्यांच्या निऱ्या ती रंगवे. वरचा रंग आईचा, खालचा हिचा. कितीही मिसळलं तरी कमरेखाली छटा जरा वेगळीच येते. जवळून बघितलं तर कळतं. विष्णूने ते तसंच राहू दिलं. शेड बंद करायचं ऋजुताने पुन्हा काढलं नाही. त्यानेही नाही.

खाली आता गाड्या रिकाम्या आहेत, साखळ्यांनी बांधलेल्या. बॅगा आत राहू दिल्या. सुनंदाने केलेले डबे मात्र विष्णूने वर आणले, ज्याचा त्याच्या मांडीवर दिला. निळ्या गाडीतलं जोडपं उघड्या डेकवर कठड्यापाशी आहे. त्या माणसाचा हात अजून वर आहे, पण आता तो भांडतोय असं वाटत नाही, समुद्रातलं काहीतरी बायकोला दाखवतोय असं वाटतं. मुद्दाम काही केलं नाही. तिथे उभा केल्यावर तसं दिसायला लागलं.

मधुरिमा परवा येऊन गेली. तिने खालचा डेक बघितला, मग वर खिडकीपाशी आजीला बघितलं, एक पाय खुर्चीवर घेऊन झोपलेली. "काका, खुर्चीवर पाय घेऊ नयेत अशी पाटी असते बोटीवर," ती म्हणाली.

"असू दे पाटी," विष्णू म्हणाला. "ही काही ऐकणारी नाही."

मधुरिमाने आजीचा फोटो काढून कंपनीला पाठवला. काहीच बदलू नका, असं उत्तर आलं. धक्क्याचं बांधकाम लांबलंय, त्यामुळे मॉडेलची घाई नाही. बोट सुरू झाली की तुम्ही आणि ऋजुताताई या, मी स्वतः नेईन, असं मधुरिमा म्हणाली. गाडीने या, म्हणाली, म्हणजे जिना चढायला मिळेल. विष्णूने समुद्र अजून पाहिलेला नाही. येऊ, म्हणाला.

खिडकीकडच्या रांगा भरल्या आहेत, मुलांचा कोपराही झाला. बसमधल्या बायकांना कॅन्टीनच्या बाकांवर बसवायचं ठरलंय; त्यांचे पाय अजून व्हायचे आहेत.